सकाळी अकरापर्यंत

भाईंदर पूर्वेला राहणारे एक काका. वय 58, नोकरी मुंबईत, रक्तदाब आठ वर्षांपासून, मधुमेह त्याच्या मागून आलेला. हे काका कोणी एक व्यक्ती नाहीत. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरी पुन्हा पुन्हा जे घडतं, ते इथे एका घरात आणि एका रात्रीत मांडलं आहे. घड्याळातल्या वेळा मी जुळवल्या आहेत. मेंदूत जे होतं ते आणि औषधाला वेळेची जी मर्यादा आहे ती, यांत मात्र काही जुळवलेलं नाही.

रविवार, संध्याकाळी 7:40

जेसल पार्कच्या खाडीकाठी सुट्टीच्या संध्याकाळची गर्दी आहे. नायगावकडे जाणारी लोकल पुलावरून धडधडत जाते. काकांनी कटिंग घेतलाय आणि ते दुसरा घोट घ्यायला ग्लास उचलतायत.

एवढ्याशा हालचालीची तयारी मेंदूत आधीच सुरू झालेली असते. फ्रायबुर्गमध्ये कॉर्नहुबर आणि डीके या दोघांनी 1965 साली दाखवून दिलं, की माणूस आपणहून बोट हलवतो तेव्हा त्याच्या कितीतरी आधीपासून, कधी सेकंदभर आधीपासून, मेंदूच्या वरच्या भागात विद्युत दाब हळूहळू चढत जातो. म्हणजे ग्लास अजून टपरीच्या फळीवर आहे तेव्हाच कपाळामागच्या भागांत बेत शिजतोय. तळाशी असलेले बेसल गँग्लिया ‘हीच हालचाल, बाकीच्या नकोत’ अशी निवड करतात. मागचा लहान मेंदू ग्लासचं वजन आणि अंतर यांचा हिशेब घालतो. मग हुकूम सुटतो तो डोक्याच्या मध्यावरून कानाकडे उतरणाऱ्या एका पट्ट्यातून, मोटर कॉर्टेक्समधून. 1870 मध्ये बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला विजेचा हलका स्पर्श केला आणि उलट बाजूचा पाय हलला. पुढे माँट्रियलला पेनफिल्डने जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना या पट्ट्याचा नकाशाच काढला. त्या नकाशात पाठीला चिमूटभर जागा आहे. हाताला आणि तोंडाला मात्र भलीमोठी. बोटांची नाजूक कामं आणि बोलणं यांना तेवढी जागा लागते.

तिथून निघालेले धागे खाली उतरतात, मेंदूच्या देठाशी त्यांतले दहापैकी जवळपास नऊ बाजू बदलतात आणि पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींना जाऊन भिडतात. डोक्यापासून हाताच्या स्नायूपर्यंतचा हा सगळा प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतो.

आज तो होत नाही. काकांचा उजवा हात ग्लासापाशी जातो, बोटं मिटत नाहीत, ग्लास कलंडतो. मुंग्या नाहीत, दुखणं नाही. हात नुसता ऐकत नाहीये. चार मिनिटांनी तो आपोआप पूर्ववत होतो.

‘अवघडला असेल,’ काका म्हणतात. काकू रुमालाने त्यांची पँट पुसतात.

रात्री 9:15

जेवताना दुसऱ्यांदा. भाकरीचा तुकडा मोडताना अंगठा आणि बोटं सैल पडतात, आणि ‘पाणी दे’ हे दोन शब्द जड जिभेतून निघतात. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आमटीचा ओघळ येतो. काकूंना तो दिसतो.

‘अहो, तोंड वाकडं दिसतंय तुमचं.’

मुलगा उठून बघतो. तोवर दहा मिनिटं गेलेली असतात आणि तोंड सरळ झालेलं असतं. घरात कारणं शोधली जातात : दुपारी खाल्लेली वांगी, पित्त, गॅस, आठवड्याचा शीण. कोणी निष्काळजी नाही. जे दुखत नाही आणि आपोआप बरं होतं त्याला आपण आजार म्हणत नाही, एवढंच.

पण घड्याळाच्या दृष्टीने या सबंध रात्रीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच. दोन तासांत दोनदा, दोन्ही वेळा उजवी बाजू, दोन्ही वेळा हालचाल गेली आणि संवेदना शाबूत राहिली. मेलबर्नच्या डॉनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये या चित्राला नाव दिलं, ‘कॅप्सुलर वॉर्निंग सिंड्रोम’. त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्क्यांना पुढे खरा पक्षाघात झाला.

यातली कॅप्सुल म्हणजे इंटर्नल कॅप्सुल. मोटर कॉर्टेक्सचा पट्टा ऐसपैस पसरलेला आहे, पण तिथून निघालेले सगळे धागे मेंदूच्या गाभ्यात एका चिंचोळ्या फटीतून जातात. सकाळी आठ वाजता भाईंदर स्टेशनच्या पादचारी पुलावर अख्खं शहर जसं एका जिन्यात कोंबलं जातं, तसे चेहऱ्याचे, हाताचे आणि पायाचे धागे इथे एकमेकांना खेटून उतरतात. वर कॉर्टेक्समध्ये हरभऱ्याएवढी जागा मेली तर कदाचित एखादं बोट जाईल. इथे तेवढीच जागा मेली तर अर्धं अंग जातं.

आणि या फटीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. मोठ्या धमनीतून त्या काटकोनात फुटतात आणि पुढे जाऊन संपतात. शेजारच्या वाहिनीशी त्यांची जोडणी नसते. वर्षानुवर्षं चढा राहिलेला रक्तदाब आणि साखर त्यांच्या भिंती जाड आणि ताठ करून ठेवतात. काकांनी रक्तदाबाची गोळी गेल्या दिवाळीनंतर बंद केली होती. तपासलं तेव्हा आकडा बरोबर आला, मग गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब. आकडा गोळीमुळेच बरोबर आला होता, हे त्यांना कोणी नीट बसवून सांगितलं नाही. आपल्याकडच्या किती पक्षाघातांचं मूळ या एका न सांगितलेल्या वाक्यात आहे, या विचाराने मला खरोखर राग येतो.

आत्ता, सव्वानऊला, रुग्णालयात गेले असते तर? सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाली असती आणि रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सुरू झाल्या असत्या. चीनमधल्या 2013 च्या ‘चान्स’ या मोठ्या चाचणीत अशा इशाऱ्यानंतर, किंवा सौम्य झटक्यानंतर, 24 तासांत दोन गोळ्या सुरू केलेल्यांमध्ये तीन महिन्यांत पक्षाघाताचं प्रमाण 8.2 टक्के राहिलं. एकाच गोळीवर असलेल्यांमध्ये ते 11.7 टक्के होतं. कॅप्सुलर वॉर्निंगमध्ये औषधं चालू असतानाही झटका येऊ शकतो. पण तो रुग्णालयातल्या खाटेवर, घड्याळ आणि डॉक्टर समोर असताना आला असता.

पहाटे 3:10

बाथरूमला जाताना उजवा पाय फरपटतो. काका भिंतीला धरून उभे राहतात. पाच-सहा मिनिटांत पाय परत येतो. काकूंची झोपमोड नको म्हणून ते सांगत नाहीत.

सोमवार, सकाळी 6:15

मुलगा लोकल पकडायला निघतो. दाराची वरची कडी काका उजव्या हाताने लावतात. मुलगा ते पाहतो.

6:30 (साडेचार तास शिल्लक)

‘अगं, दूध वर आलंय,’ काका हॉलमधून सांगतात. शब्द स्पष्ट. काकू गॅस बारीक करतात.

ही वेळ लक्षात ठेवायची. डॉक्टर पुढे विचारणार आहेत ते ‘कधी पडले?’ एवढंच नाही. ‘शेवटचे अगदी नीट कधी होते?’ हेही विचारणार आहेत. आधीच्या तिन्ही वेळा हात-पाय पूर्ण बरे झाले होते, म्हणून घड्याळ तिथून धरत नाहीत. ते इथून, साडेसहापासून धरतात.

6:35 (4 तास 25 मिनिटं)

वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आणि पाठोपाठ माणूस पडल्याचा.

चेहऱ्याची उजवी बाजू, उजवा हात, उजवा पाय, तिन्ही एकदम गेलेले. डोळे उघडे आहेत, सगळं समजतंय. काकू हाक मारतात तेव्हा ते दोन्ही भुवया वर करतात, आणि दोन्ही वर जातात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून धागे येतात. ओठ मात्र एकाच बाजूने हलतो. हात उचलायचा त्यांचा बेत पूर्वीइतकाच पक्का आहे. हुकूम सुटतोय, खाली पोचत नाहीये.

पार्किन्सन्समध्ये याच्या जवळपास उलट असतं. पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत त्या आजाराने गाठलं होतं. त्यात खाली जाणारी वाट शाबूत असते, पण वरच्या निवडीतच खोळंबा होतो. हालचाल सुरू व्हायला वेळ लागतो, हात थरथरतो. काकांची निवड झालेली आहे आणि वाट तुटलेली.

तुटलेली म्हणजे अजून मेलेली नाही, आणि पुढच्या चार तासांचा सगळा अर्थ यात आहे. निरोगी मेंदूच्या 100 ग्रॅममधून मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त वाहतं. ते 20 च्या खाली आलं की पेशी काम थांबवतात. 10 च्या आसपास गेलं की मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधला भाग मुका असतो, पण जिवंत असतो. रक्त परत मिळालं तर तो पुन्हा बोलू लागतो. मोठी धमनी बंद पडली तर सरासरी दर मिनिटाला 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब कॅलिफोर्नियातले सेव्हर यांनी 2006 मध्ये मांडला. काकांची वाहिनी बारीक आहे, तेव्हा आकडा त्याहून कितीतरी लहान. पण जे मरतंय ते त्या फटीतलं आहे.

6:50 (4 तास 10 मिनिटं)

काकू पाणी पाजतात. काकांना जोराचा ठसका लागतो. गिळण्याचे स्नायूही त्याच बाजूचे दुबळे झालेत. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची ही सुरुवात ठरू शकते. अशा वेळी तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणी नाही, साखर नाही आणि गोळीही नाही.

7:10 (3 तास 50 मिनिटं)

शेजारच्या आजी येतात, बघताच म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलंय.’ निदान अगदी बरोबर आहे. त्यापुढचा उपचार मात्र तिळाचं कोमट तेल आणि लसूण. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गावाकडच्या एका औषधवाल्याचा नंबर शोधू लागतात. एकाच मात्रेत लकवा उतरतो म्हणे. कोणी कबुतराचं रक्त चोळायलाही सांगतात. ही सगळी माणसं धावून आलेली आहेत, आपुलकीने आलेली आहेत. पण हात निर्दोष आहे. त्याचे स्नायू, त्याच्या नसा, त्याचं हाड, कशाला काही झालेलं नाही. जिथे बिघाड आहे तिथे तेल पोचत नाही.

7:25 (3 तास 35 मिनिटं)

मुलाला फोन लागतो. तो दक्षिणेकडे बराच पुढे गेलाय. ‘मी येतोच, तोवर थांबा,’ म्हणतो.

त्याने ‘108 ला फोन करा आणि लगेच निघा’ म्हणायला हवं होतं. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे आणि तिच्या फोनला पैसे पडत नाहीत. पण घरातला कर्ता येईपर्यंत आजाऱ्याला हलवायचं नाही ही आपली रीत आहे, आणि इथे ती सगळ्यांत महाग पडते.

8:25 (2 तास 35 मिनिटं)

मुलगा घरात शिरतो आणि तेवढ्यात काकांना जांभई येते. जांभईबरोबर तो मेलेला उजवा हात कोपरात वाकत हळूहळू छातीपर्यंत उचलला जातो.

‘हलला! हात हलला!’ काकूंना रडू कोसळतं. सगळे हसतात, कोणी देवाला हात जोडतं. मुलगा म्हणतो, ‘बाबा, परत उचला.’ काका कपाळाला आठ्या पडेपर्यंत जोर लावतात. हात गादीवर तसाच पडून राहतो.

अशा रुग्णांमध्ये जांभईबरोबर हात उचलला जाण्याचं हे दृश्य डॉक्टरांनी पुष्कळदा नोंदवलेलं आहे. जांभईचा हुकूम मोटर कॉर्टेक्समधून येत नाही. तो मेंदूच्या देठातून, फार जुन्या आणि आपल्या इच्छेखाली नसलेल्या वाटेने येतो, आणि ती वाट इंटर्नल कॅप्सुलच्या फटीतून जात नाही. म्हणून स्नायू अजून तयार आहे हे कळतं, आणि इच्छेची वाट बंद आहे हेही. ज्याला आपण ‘माझा हात’ म्हणतो त्यात ‘माझा’ हे किती अरुंद जागेतून येतं, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पण घराला त्यातून फक्त आशा मिळते, आणि आशेपायी आणखी वीस मिनिटं जातात.

8:50 (2 तास 10 मिनिटं)

नेहमीचे डॉक्टर घरी येतात. रक्तदाब 214/116. ते क्षणाचाही वेळ न दवडता सांगतात, ‘सीटी असलेल्या रुग्णालयात न्या, आत्ताच्या आत्ता.’ जिभेखाली गोळी ठेवून दाब एकदम उतरवत नाहीत, हेही योग्यच. एकदम दाब पडला तर मुका पण जिवंत असलेला भागही उपाशी मरतो.

9:20 (1 तास 40 मिनिटं)

खुर्चीत बसवून दोन मजले उतरवून काकांना शेजाऱ्याच्या गाडीतून एका जवळच्या नर्सिंग होममध्ये आणलंय. जवळचं म्हणून, ओळखीचं म्हणून. तिथे सीटी नाही. तरी केसपेपर निघतो, सलाईन लागतं, ईसीजी निघतो. ‘दुसरीकडे न्यावं लागेल’ हे कळायला 9:55 होतात.

मीरा-भाईंदर महापालिका 2002 मध्ये झाली. 2011 च्या जनगणनेत इथे 8 लाखांवर माणसं होती. शहर रुळांनी उभं दुभागलेलं आहे. सोमवारी सकाळी दहाला या अंगाचं त्या अंगाला न्यायचं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उत्तन किंवा चौकच्या माणसाला तर आधी भाईंदरपर्यंतच यायला बराच वेळ लागतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय इथे कामाची नाही.

10:25 (35 मिनिटं)

मोठं रुग्णालय. स्ट्रेचर थेट सीटीच्या दारात.

10:38 (22 मिनिटं)

सीटीत रक्तस्राव नाही. म्हणजे हा गुठळीचा झटका, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल. 1995 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांची तीन महिन्यांनी अपंगत्वाशिवाय किंवा नाममात्र अपंगत्वासह उभं राहण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त असते. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. औषध निर्धोक नाही. पहिल्या चाचणीत ते मिळालेल्या 6.4 टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न मिळालेल्यांत 0.6 टक्के. उशीर होत जाईल तसा फायदा घटतो, धोका राहतो. म्हणून घड्याळ.

मोठ्या धमनीतली गुठळी नळी घालून ओढून काढता येते. 2015 पासून ते सिद्ध झालंय, आणि निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही जमतं. काकांची वाहिनी इतकी बारीक आहे की नळी तिथे जाऊच शकत नाही. त्यांच्यासाठी होतं ते हे इंजेक्शनच.

10:43 (17 मिनिटं)

रक्तदाब 212/114. इंजेक्शन देण्याआधी तो 185/110 च्या खाली हवा, नाहीतर रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. शिरेतून औषध सुरू होतं.

‘शेवटचे नीट कधी होते?’ काकू म्हणतात, सकाळी. मुलगा म्हणतो, सव्वासहा, कडी लावली तेव्हा. मग काकूंना दूध आठवतं. साडेसहा.

10:52 (8 मिनिटं)

204/112.

11:00

196/110. डॉक्टर थांबतात.

दाब मर्यादेखाली आला तेव्हा 11:20 झाले होते. इंजेक्शन दिलं गेलं नाही. घरापासून पहिल्या रुग्णालयापर्यंतचे पावणेतीन तास आणि तिथून पुढचा एक तास, यांतला अर्धा वेळ जरी हाती असता, तरी दाब उतरवायला सवड होती.

त्यानंतर

पहिले काही दिवस हात सैल पडून राहतो, नंतर ताठरतो. वरून येणारा लगाम सुटला की कण्यातल्या पेशी आपल्या आपण आवळत राहतात. शेजारचे वाचलेले धागे थोडंफार काम उचलून धरतात. त्यासाठी व्यायाम रोज, नेमाने आणि लवकर सुरू करायचा, कारण सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत येतो. काका काठी घेऊन चालू लागतात. शर्टाचं बटण लावता येत नाही. बोटांची वेगवेगळी हालचाल सर्वांत शेवटी परत येते, आणि अनेकांच्या बाबतीत येतच नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं जड झालं, यांतलं एक जरी अचानक दिसलं, आणि दहा मिनिटांत बरं झालं तरीही, 108 ला फोन करा आणि माणूस शेवटचा नीट होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि तुमच्या घरापासून चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन जिथे मिळतं असं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच फोन करून विचारून घ्या. रुळांच्या कोणत्या बाजूला आहे, तेही.